प्रवरेच्या खोऱ्यातली शेतवाट : ट्रॉम्बेहून दोन दिवसांचा खर्च किती?

ट्रॉम्बेचा डोंगर खिडकीतून रोज दिसतो, पण तो भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सुरक्षित हद्दीत असल्यामुळे चढता येत नाही. त्यामुळे चिता कॅम्प, कोळीवाडा, अणुशक्तीनगर, मानखुर्द किंवा देवनारच्या माणसाला पोराबाळांसह डोंगरवाट चालायची असेल तर शहराबाहेरच पडावं लागतं. बाहेर पडायचंच आहे, तर केवळ धबधबा बघून परतण्यापेक्षा जिथे शेत, ओढा, जंगल आणि गाव एकाच वाटेवर भेटतात तिथे जावं, असं मी आग्रहाने सांगेन. अशी वाट आपल्याला सगळ्यात जवळ सापडते ती अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवतीच्या गावांत.

आधी आकडा. आई, वडील आणि पाच ते बारा वर्षांची दोन मुलं असं चौघांचं कुटुंब लोकल, जीप आणि एसटीने गेलं, गावातल्या घरात एक मुक्काम केला आणि वाटाड्या घेतला, तर दोन दिवसांचा खर्च साधारण ९,८०० रुपये येतो. स्वतःच्या गाडीने तोच सुमारे १०,३०० होतो. भाड्याची गाडी केली तर १७,००० रुपयांची तयारी ठेवा. हे आकडे कसे आले आणि त्यात कुठे वाचवावं, कुठे वाचवू नये, ते आता सविस्तर पाहू.

ही वाट नेमकी कसली?

आल्प्सच्या दऱ्यांत शेती आणि निसर्ग दाखवणाऱ्या पायवाटा आखलेल्या असतात. इथे चारा कसा वाळवतात, तिथे चीज कसं होतं, हा ओढा गिरणीला पाणी कसं द्यायचा, अशी माहिती जागोजागी पाट्यांवर लिहिलेली असते. एकट्या स्वित्झर्लंडमध्ये खुणा केलेल्या चालवाटांचं जाळं सुमारे ६५,००० किलोमीटरचं आहे. त्या वाटांवर चालायला पैसे पडत नाहीत, कारण माहिती सांगायचं काम पाट्या करतात.

सह्याद्रीत शेतवाटा शेकडो वर्षांच्या आहेत, पण त्यांवर पाट्या नाहीत. रतनवाडीहून साम्रदकडे, पांजऱ्याहून उडदावण्याकडे गावकरी ज्या बांधांवरून आणि ओढ्यांवरून जातात, त्याच या वाटा. त्यांवर काय आहे ते तिथे राहणारा माणूसच सांगू शकतो. म्हणून इथे प्रवेश जवळपास फुकट आणि वाटाड्याला मोबदला, असा हिशेब असतो. तो मोबदला टाळलात तर दोन दिवस नुसती हिरवळ बघून घरी याल.

परिसराची थोडी ओळख हवी. प्रवरा नदी रतनगडाच्या परिसरात उगम पावते. १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाने तिचं पाणी अडवलं आणि भंडारदऱ्याचा जलाशय तयार झाला. धरणाच्या पायथ्याचं गाव शेंडी. जलाशयाच्या काठाने मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत अशी गावं लागतात. त्यांच्या मागे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. हा सगळा मुलूख १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या गावांत भात हेच मुख्य पीक, आणि उतारावर नागली, वरई, खुरासणी.

पोहोचायचं कसं आणि किती रुपयांत?

ट्रॉम्बेहून मानखुर्द किंवा चेंबूर स्टेशनपर्यंत बेस्ट बस. मे २०२५च्या दरवाढीनंतर साध्या बसचं किमान तिकीट १० रुपये आणि वातानुकूलित बसचं १२ रुपये झालं आहे. पहाटे बस मिळाली नाही तर रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला सुमारे १७ रुपये धरा. स्टेशनवर थेट कसाऱ्यापर्यंतचं एकच तिकीट काढा आणि कुर्ल्याला गाडी बदला. द्वितीय श्रेणीचं तिकीट तीस-पस्तीस रुपयांच्या घरात जातं आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं पडतं. शंभरहून अधिक किलोमीटरचा प्रवास एवढ्या पैशांत देशात फार कमी ठिकाणी होतो, तेव्हा ही सोय सोडू नका. पहाटेची कसारा लोकल पकडलीत तर बसायला जागा मिळते आणि नऊच्या आत घाट चढायला लागता. ज्येष्ठांनी एक लक्षात ठेवावं, रेल्वेची वयाची सवलत मार्च २०२०पासून बंद आहे.

कसारा स्टेशनबाहेर जीप उभ्या असतात. नाशिकच्या जीपवाल्याला घोटीला उतरवायला सांगा. माणशी साठ ते ऐंशी रुपये होतात. बसण्याआधी भाडं ठरवा आणि मुलांची सीट मोजली जाणार का तेही विचारा, कारण वाद तिथेच होतो. घोटीहून शेंडीपर्यंत एसटी. २५ जानेवारी २०२५पासून साध्या एसटीचा दर सहा किलोमीटरच्या टप्प्याला १०.०५ रुपये आहे, त्यामुळे घोटी ते शेंडी साधारण ६५ रुपये पडतात. महिलांना एसटीत अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, ७५च्या पुढे प्रवास मोफत. आधार कार्ड जवळ ठेवा. आजी-आजोबांना बरोबर न्यायचं असेल तर एसटीच्या टप्प्यावर जवळपास खर्चच येत नाही.

चौघांचा जाण्या-येण्याचा हिशेब असा. बेस्ट ८० रुपये, लोकल २००, कसारा–घोटी जीप ५६०, एसटी ३४०. एकूण सुमारे १,२०० रुपये.

शेंडीपासून पुढच्या गावांना एसटीच्या फेऱ्या मोजक्या आहेत. रतनवाडीत मुक्काम करायचा असेल तर स्थानिक जीप एका खेपेला ८०० रुपयांच्या आसपास घेते, नेऊन सोडायचे ८०० आणि दुसऱ्या दिवशी आणायचे ८००. जीप माणसावर नसून खेपेवर ठरते, त्यामुळे दोघे असा की आठ, पैसे तेच. शेंडीत उतरल्या उतरल्या परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे ते विचारून घ्या. ती चुकली तर घोटीपर्यंत स्वतंत्र गाडी करावी लागते आणि लोकलने वाचवलेले पैसे एका फटक्यात जातात.

स्वतःची गाडी की भाड्याची?

ट्रॉम्बे ते शेंडी एका बाजूने साधारण १६५ किलोमीटर. जलाशयाभोवतीचं फिरणं धरून दोन दिवसांत ३७० किलोमीटर होतात. लिटरला पंधरा किलोमीटर जाणाऱ्या गाडीला २५ लिटर पेट्रोल लागतं, म्हणजे २,६०० रुपये. मुंबईच्या प्रवेशनाक्यांवर ऑक्टोबर २०२४पासून छोट्या गाड्यांना टोल नाही, पण नाशिक महामार्गावर पडघा आणि घोटी हे नाके लागतात. जाऊन-येऊन टोलचे ७०० रुपये बाजूला ठेवा. समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला खुला झाला. त्याने कसारा घाट टळतो आणि वेळ वाचतो, मात्र टोल अंतरावर आकारला जातो. दुचाकीला समृद्धीवर बंदी आहे, तेव्हा मोटारसायकलवाल्यांनी जुन्या घाटानेच जावं.

चौघांसाठी स्वतःची गाडी सार्वजनिक वाहनापेक्षा जेमतेम पाचशे रुपयांनी महाग पडते. म्हातारी माणसं किंवा तान्हं मूल बरोबर असेल तर खुशाल गाडी न्या. आपला आक्षेप आहे तो भाड्याच्या गाडीवर. बहुतेक गाडीमालक दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात. दोन दिवसांचे ६०० किलोमीटर आणि दर १४ रुपये धरला, तर ८,४०० रुपये झाले. तुमचं प्रत्यक्ष अंतर ३७० असलं तरी पैसे ६००चे. त्यात चालकाचा भत्ता दिवसाला ४०० आणि टोल. नुसत्या वाहनावर ९,९०० रुपये जातात.

आता हाच हिशेब दुसऱ्या बाजूने पाहा. लोकल आणि एसटीने गेलात तर ९,८०० रुपयांपैकी जवळपास ७,९०० मुक्काम, जेवण, वाटाड्या आणि स्थानिक जीप यांत जातात, म्हणजे पाचातले चार रुपये खोऱ्यात राहतात. भाड्याच्या गाडीने गेलात तर १७,०००पैकी ६,३०० तिथे पोहोचतात. या गावांतली तरुण मुलं भातकापणी संपली की नाशिक, संगमनेर किंवा मुंबईला मजुरीला जातात. त्यांच्यापैकी एकाला दोन दिवसांचं काम आपल्या गावातच मिळावं, हे मला पाचशे रुपयांच्या बचतीपेक्षा मोलाचं वाटतं.

मुक्काम आणि जेवण

पर्याय तीन. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान भंडारदऱ्याला जलाशयाजवळ आहे. काठावर तंबूंच्या रांगा आहेत. आणि गावातली घरं आहेत. शेतवाट चालायची असेल तर गावातलं घरच घ्या, शक्यतो रतनवाडी किंवा साम्रदला. स्वच्छ खोली, संध्याकाळचा चहा, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता मिळून माणशी १,००० ते १,३०० रुपये घेतात, मुलांना निम्मे. चौघांचे ३,६०० धरले आहेत. दुपारची दोन जेवणं वेगळी. शाकाहारी ताट दीडशे ते दोनशेला, मुलांचं निम्मं धरून चौघांचे दोन वेळचे १,१०० रुपये.

जेवणात नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, खुरासणीची चटणी आणि नवा भात मागा. पनीरची भाजी मागितलीत तर घरमालक घोटीहून पनीर आणेल, पैसे जास्त घेईल आणि तुम्हाला मुंबईचंच जेवण मिळेल. पावसाळ्यात गेलात तर रानभाज्या सांगून ठेवा. भारंगी, कुर्डू, फोडशी, चाई या त्या दिवसांत घराच्या मागेच मिळतात. गावठी कोंबडा हवा असेल तर त्याचा दर आधी विचारा. तो ताटाच्या किमतीत धरलेला नसतो आणि आठ-नऊशे ते हजारापर्यंत जातो.

फोनवर आरक्षण करताना काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. संडास-न्हाणीघर खोलीला जोडून आहे की सामायिक? गरम पाण्याचे वेगळे पैसे आहेत का? शेकोटी धरली आहे का? चालकाच्या जेवणाचं काय? पाऊस फार झाला आणि रस्ता बंद झाला तर आगाऊ रक्कम परत मिळेल की पुढची तारीख मिळेल? उत्तरं मोबाइलवर लेखी संदेशात मागून घ्या. आगाऊ रक्कम तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नका. पर्यटन संचालनालयाकडे निवास व न्याहरी योजनेत किंवा २०२०च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी आहे का हेही विचारा. नोंदणी नसलेलं घर वाईट असं मुळीच नाही, पण नोंदणी असेल तर तक्रारीला जागा राहते. पैसे घेऊन कबूल केलेली सेवा दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. लेखी संदेश असेल तर तक्रार टिकते.

रोख रक्कम न्या. डोंगराआड मोबाइलचं जाळं जातं आणि मग पैसे पाठवता येत नाहीत.

वाटाड्या : इथे काटकसर नको

अर्ध्या दिवसाचे ५०० ते ७००, पूर्ण दिवसाचे १,००० ते १,२०० रुपये, तेही साऱ्या गटाचे मिळून. चौघांनी पहिली दुपार आणि दुसरा दिवस मिळून १,६०० रुपये धरावेत. घरमालकाला सांगताना ‘गडावर नेणारा’ असं न म्हणता ‘शेती सांगणारा’ हवा असं सांगा. रतनगड चढवणारी मुलं पुष्कळ आहेत आणि ती चांगलं काम करतात, पण आपल्याला हवा तो चाळिशी-पन्नाशीचा शेतकरी किंवा घरातली बाई, जिने राब भाजला आहे आणि आवणी केली आहे. बाई वाटाडी म्हणून आली तर तिलाही तेवढाच मोबदला द्या. घरमालकाच्या हाती न देता तिच्याच हाती द्या.

अशा माणसाबरोबर चाललात तर काय कळतं? भाताचं रोप जिथे टाकायचं त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, गवत आणि माती यांचे थर रचून भाजतात. हा राब. त्याने तण आणि किडीची अंडी जळतात, राख खत होते. पहिल्या पावसावर तिथे बी पेरायचं, रोप महिनाभराचं झालं की उपटून जुड्या बांधायच्या आणि चिखल केलेल्या खाचरात लावायचं, ही आवणी. त्या दिवसांत घरात कुणी रिकामं नसतं. खाचराचे बांध एकाखाली एक असे बांधलेले असतात की वरच्या शेतातलं जास्तीचं पाणी खालच्यात उतरतं. कोणाचं पाणी कोणाच्या शेतातून जायचं हे पिढ्यांनी ठरवलेलं आहे. भात पिकत नाही त्या उतारावर नागली आणि वरई, आणि तिथेच दिवाळीच्या आधी पिवळ्या फुलांनी भरणारी खुरासणी.

शेताच्या वर जंगल सुरू होतं. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, करवंदीच्या जाळ्या. हिरड्याची कोवळी फळं उन्हाळ्यात गोळा करून वाळवली की तो बाळहिरडा. औषधांसाठी त्याला मागणी असते आणि अकोले, जुन्नर, आंबेगावच्या आदिवासी घरांना त्यातून पावसाळ्यापूर्वीचा रोख पैसा मिळतो. म्हणून झाडाखाली पडलेला हिरडा मुलांनी गमतीने खिशात भरू नये. तो कुणाच्या तरी घराचं उत्पन्न आहे.

रतनवाडीत अमृतेश्वराचं प्राचीन शिवमंदिर आणि कोरीव पुष्करणी आहे, तिकीट नाही. तिथे घाई करू नका. देवळाच्या मागे प्रवरेचं पात्र आणि त्याला लागून खाचरं आहेत. या सगळ्या वाटेतला सर्वांत सोपा आणि सर्वांत समृद्ध तुकडा हाच. सहा-सात वर्षांचं मूलही दमत नाही. साम्रदची सांदण दरी पावसाळ्यात पाण्याने भरते, तेव्हा तिथे उतरण्याचा विचारही करू नका.

वनखात्याच्या नाक्यांवर माणसांची आणि वाहनाची पावती वेगवेगळी फाडतात. चौघांचे आणि जीपचे मिळून ३०० रुपये मी धरले आहेत. पावती मागून घ्या आणि बाहेर पडेपर्यंत जपा.

बियाण्याची गोष्ट आणि ट्रॉम्बे

याच अकोले तालुक्यातलं कोंभाळणे हे राहीबाई पोपेरे यांचं गाव. शाळेची पायरी न चढलेल्या राहीबाईंनी गावरान वाल, भात, भाज्या यांचं बियाणं घरात जपलं, बायफ संस्थेच्या मदतीने त्याची बियाणे बँक झाली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बीजमाता म्हणून त्यांना सारा महाराष्ट्र ओळखतो. काळभात, जिरवेल असे भाताचे जुने वाण या पट्ट्यात अजून टिकले, यामागे अशा बायकांची राखण आहे. कोंभाळण्याला जायचं असेल तर तिसरा दिवस काढा आणि आधी वेळ ठरवून जा. ते लोकांचं राहतं घर आणि चालतं काम आहे, प्रेक्षणीय स्थळ नव्हे.

ट्रॉम्बेकरांनी मुलांना ही गोष्ट सांगताना दुसरा अर्धा भागही सांगावा. आपल्या शेजारच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्साराने बियाण्यात बदल घडवून पिकांचे साठाहून अधिक सुधारित वाण तयार झाले आहेत. विदर्भातल्या अकोला शहरातल्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाबरोबर केलेला टीएयू–१ हा उडदाचा वाण १९८५ सालचा, टीएजी–२४ हा भुईमुगाचा १९९१चा. या नावांतला पहिला ‘टी’ म्हणजे ट्रॉम्बे. लाखो शेतकऱ्यांनी आपल्या वस्तीचं नाव पेरलं आहे, आणि इथल्या शाळेतल्या किती मुलांना ते ठाऊक असतं? एकीकडे प्रयोगशाळेत घडवलेलं बी, दुसरीकडे मडक्यात राखेत जपलेलं बी. शेतकऱ्याला दोन्ही लागतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे बांधावर उभं राहून जितकं कळेल तितकं पुस्तकात कळणार नाही.

घरी आणण्यासाठी तांदूळ थेट शेतकऱ्याकडून घ्या. इंद्रायणी किलोला साठ ते ऐंशी रुपये, काळभातासारखा जुना वाण शंभराच्या पुढे. नागली आणि खुरासणीही मिळते. भाव करू नका. मुंबईत तेवढ्याच पैशांत पॉलिश केलेला, कुठला ते न कळणारा तांदूळ घेता. ही खरेदी वरच्या ९,८०० रुपयांत धरलेली नाही.

कधी जावं?

सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य, हे माझं स्पष्ट मत. भात पोटरीतून बाहेर आलेला असतो, पठारावर सोनकी आणि उतारावर खुरासणी पिवळी झालेली असते, पाऊस ओसरलेला पण ओढे वाहते. नोव्हेंबरमध्ये कापणी आणि झोडणी बघायला मिळते, तेही उत्तम. जुलैत आवणी असते. तेव्हा पाऊस अंगावर घ्यायची तयारी हवी, आणि शेतात उतरून लावणीचा अनुभव घ्यायचा असेल तर शेतकऱ्याला विचारून, त्याच्या वेळेचे दोन-तीनशे रुपये देऊन. त्याचं शेत म्हणजे त्याची वर्षभराची कमाई. हौसेने तुडवलेली रोपं पुन्हा लावायला त्यालाच वाकावं लागतं.

मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांचा हंगाम. मुंबईहून एका रात्रीच्या सहली माणशी दीड ते अडीच हजारांत निघतात आणि चौघांच्या आठ हजारांत स्वस्तही वाटतात. पण त्यात रात्रभर प्रवास, गर्दीत तासभर काजवे आणि सकाळी परत. शेती नाही, वाटाड्या नाही, गावाशी ओळख नाही. शनिवारी रात्री गाड्यांच्या दिव्यांनी आणि आवाजाने काजव्यांचंच नुकसान होतं, कारण ते प्रकाशाच्या खुणेवर जोडीदार शोधतात. काजवे बघायचेच असतील तर मंगळवार-बुधवारी जा, गावात मुक्काम करा, गाडी आणि टॉर्च बंद ठेवा. मधल्या वारी खोलीचा दरही कमी असतो.

माणसं वाढवा, खर्च घटवा

वाटाड्या आणि जीप हे दोन मोठे खर्च गटावर आहेत, माणसावर नाहीत. म्हणून दोघेच गेलात तर माणशी साडेतीन हजारांच्या पुढे जाता, आणि आठ प्रौढ गेले तर अडीच हजारांत भागतं. सोसायटीतली दोन कुटुंबं एकत्र निघाली की जीप भरते आणि मुलांना सोबत मिळते. आठच्या पुढे मात्र जाऊ नका. बांधावरून चालताना मागच्या माणसाला वाटाड्याचं बोलणं ऐकू येत नाही.

सामानाला फार पैसे घालवू नका. पकड असलेल्या तळव्याचे बूट हवेतच. हजार-बाराशेला चांगले मिळतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. कपडे जुने, सुती मोज्यांचे दोन जोड, पावसाळ्यात पूर्ण लांबीचा रेनकोट. वाऱ्यात छत्री टिकत नाही. पाण्याच्या बाटल्या घरून भरून न्या आणि प्लॅस्टिकचा कचरा परत ट्रॉम्बेला आणा, कारण त्या गावांत तो उचलायला गाडी येत नाही.

दोन दिवस जमत नसतील तर नेरळ आहे. कुर्ल्याहून कर्जत लोकलने पन्नाशीच्या आत जाऊन-येऊन होतं. तिथलं सगुणा बाग हे भडसावळे कुटुंबाचं कृषी पर्यटन केंद्र १९८५पासून चालू आहे. राज्यातल्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी ते एक. चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेलं, चिखलणी आणि लावणीशिवाय गादीवाफ्यावर भात घेण्याचं तंत्र तिथे प्रत्यक्ष दिसतं. जेवण-नाश्त्यासह एक दिवसाचं शुल्क माणशी हजाराच्या पुढे असतं, आधी नोंदणी लागते. एका दिवसात लहान मुलांना शेत दाखवायला ते चांगलं आहे, पण डोंगरवाटेची जागा ते घेऊ शकत नाही.

चौघांचा हिशेब पुन्हा एकदा : प्रवास १,२००, स्थानिक जीप १,६००, मुक्काम ३,६००, दुपारची जेवणं १,१००, वाटाड्या १,६००, वनखात्याची पावती ३००, चहापाणी ४००. एकूण ९,८००. यातली कोणतीही रक्कम कमी करायची वेळ आली तर चहापाणी कमी करा, मुक्कामाची खोली साधी घ्या, पण वाटाड्याचे १,६०० तसेच ठेवा. ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारच्या खोल्या गणपती उठेपर्यंत भरत येतात, म्हणून फोन ऑगस्टमध्येच करा.